पावसासाठी होम केला आणि चौकशीचा ई-मेल आला

प्रश्न : आम्ही मध्य फ्लोरिडात राहतो. इथल्या मराठी मंडळाची मी चिटणीस आहे. यंदा कोरडा हंगाम फार लांबला. घरामागचं तळं आटलं, आसपास वणवे लागले. म्हणून मंडळातल्या एका सभासदाच्या मोकळ्या जागेत आम्ही पर्जन्ययाग केला. भारतातून आलेल्या गुरुजींनी पौरोहित्य केलं. साठ-सत्तर माणसं होती. एका शेजाऱ्याने धुराचा व्हिडिओ काढला आणि आम्ही हवामानात फेरफार करतोय अशी सरकारकडे ऑनलाइन तक्रार केली. आता चौकशीचा ई-मेल आलाय : काय जाळलं, कशासाठी जाळलं, आयोजक कोण, हे दहा दिवसांत कळवा. आमचे अध्यक्ष म्हणतात, 'सांस्कृतिक कार्यक्रम होता' एवढंच लिहू आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्रक काढून टाकू. पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज अजून प्रलंबित आहे. पुढच्या रविवारी दुसरा होम ठरलाय. मी काय करू?

उत्तर : ताई, पत्रक काढून टाकू नका आणि कोणाला काढूही देऊ नका. अध्यक्षांना आजच फोन करून हे सांगा. चौकशी चालू आहे किंवा होणार आहे हे ठाऊक असताना पुरावा नष्ट करणं हा फ्लोरिडात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तोही सहसा थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे तिसऱ्या दर्जाचा गंभीर गुन्हा. म्हणजे ज्या आरोपाची तुम्हाला भीती वाटते, त्याच वजनाचा दुसरा आरोप तुम्ही आपल्या हाताने ओढवून घ्याल. शिवाय साठ-सत्तर जणांच्या फोनवर ते पत्रक आहेच. मूळ आरोप टिकेल की नाही याबद्दल मला शंका आहे. पुरावा पुसल्याचा आरोप मात्र सहज सिद्ध होतो.

'सांस्कृतिक कार्यक्रम' असंही लिहू नका. ते खरं नाही हे तुम्हालाही माहीत आहे. आणि त्या एका खोट्या ओळीमुळे तुमचा सर्वांत मजबूत बचाव हातचा जाईल. कसा, ते पुढे सांगते.

आधी कायदा समजून घ्या, कारण मंडळात त्याबद्दल बरंच ऐकीव चाललं असणार. सिनेटर इलिआना गार्सिया यांनी मांडलेलं सिनेट बिल ५६ विधिमंडळाने मंजूर केलं, गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी २० जून २०२५ ला त्यावर सही केली आणि १ जुलैपासून ते लागू झालं. त्याआधी १९५७ पासून इथे कृत्रिम पावसासाठी परवान्याची पद्धत होती. ती आता रद्द झाली आणि सरसकट बंदी आली. टेनेसीने २०२४ मध्ये जवळजवळ याच शब्दांत बंदी घातली होती, लुइझियानाने २०२५ मध्ये घातली. विमानांच्या मागे दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा म्हणजे आपल्यावर फवारलेली रसायनं, असं मानणारा मोठा वर्ग अमेरिकेत आहे. या कायद्यांमागे त्याचा रेटा होता. सगळी राज्यं मात्र त्या वाटेने गेलेली नाहीत. टेक्सास परवाने देतं. यूटा तर डोंगरावरचा बर्फ वाढवायला सरकारी पैशाने मेघबीजन करतं, म्हणजे ढगांत पदार्थ पेरतं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये दुष्काळात ढगांवर विमानं धाडली. तेच काम आज फ्लोरिडात केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड व्यक्तीला लागू आहे तसा कंपनीला आणि नोंदणीकृत संस्थेलाही. म्हणजे तुमच्या मंडळालाही.

कायद्याची भाषा मराठीत साधारण अशी होईल : तापमान, हवामान किंवा सूर्यप्रकाशाची तीव्रता यांवर परिणाम घडवण्याच्या स्पष्ट उद्देशाने कोणतंही रसायन, पदार्थ किंवा उपकरण कोणत्याही मार्गाने राज्याच्या हद्दीत वातावरणात सोडणं, फवारणं, पसरवणं याला मनाई.

आता हे शब्द तुमच्या होमावर ठेवून पाहा. तूप, समिधा, तीळ, भात यांचा धूर हा पदार्थ आहे आणि तो वातावरणात गेला. 'कोणत्याही मार्गाने' म्हटलं आहे, तेव्हा विमानच लागतं असं नाही. परिणाम झाला पाहिजे अशी अट कायद्यात कुठेही नाही. त्यामुळे 'होमाने कुठे पाऊस पडतो?' हा युक्तिवाद सरकारी वकिलाला अडवत नाही. सगळा खटला उरतो तो 'स्पष्ट उद्देश' या एका घटकावर.

म्हणून तुमच्या पत्रकाकडे येते. वरचा संस्कृत श्लोक, स्थळ, वेळ, महाप्रसाद, सगळं ठीक. 'वरुणराजाची कृपा व्हावी म्हणून' हेही ठीक. पण चौथ्या ओळीत कोणीतरी उत्साहाने लिहिलंय : 'यज्ञाच्या धुरातील तुपाचे सूक्ष्म कण आकाशात जाऊन ढगांची निर्मिती करतात व पाऊस पडतो, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे.' ताई, तुमच्या अख्ख्या प्रकरणात मला खरी काळजी वाटते ती याच ओळीची. हिचं भाषांतर केलं की ती थेट कायद्याच्या कलमात जाऊन बसते : पदार्थ, वातावरण, परिणाम, उद्देश. परदेशातल्या आपल्या कार्यक्रमांत विधीला विज्ञानाची जोड देण्याची आपल्याला फार हौस असते. पुढच्या पिढीला पटावं हा त्यामागचा हेतू मी समजू शकते. पण या राज्यात, या कायद्याखाली, तो दावा म्हणजे स्वतःविरुद्ध लिहून दिलेला जबाब आहे. ओळ कोणी लिहिली, कुठून उतरवली, गुरुजींना ती माहीत होती का, समितीने मंजूर केली होती का, हे सगळं आता महत्त्वाचं आहे. पण ते फक्त तुमच्या वकिलाला सांगा, ग्रुपवर चर्चा नको.

दुसरा पुरावा तुमच्या लक्षातही आला नसेल. होमाच्या सुरुवातीला गुरुजींनी यजमानांच्या हातावर पळीभर पाणी घालून संकल्प सांगितला असणार. संकल्पात देश, काल, गोत्र, नाव आणि कशासाठी हे कर्म करतो आहोत, हे मोठ्याने म्हटलं जातं. उद्देश याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगत नाही. तुमच्या कोणीतरी त्याचं चित्रीकरणही केलं असेल. सुवृष्टी व्हावी म्हणून, असे शब्द त्यात नक्की असतील. सरकारी बाजूने कोणी संस्कृत जाणणारा आणला तर तो नेमके तेवढेच शब्द उचलेल.

पण त्याच वाक्यात तुमचा बचावही आहे. आपल्याकडे संकल्प बहुधा 'श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थ' या पदावाचून होत नाही. देवाला उद्देशून द्रव्याचा त्याग म्हणजे याग, ही मीमांसकांची, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांची, जुनी व्याख्या. आहुती अग्नीत पडते ती देवतेसाठी. धूर निघतो तो अग्नीमुळे. पाऊस पडला तर तो देवता देते, अशी श्रद्धा आहे. धूर वर जाऊन काही करतो, असं ही व्याख्या म्हणत नाही. म्हणजे पदार्थ 'सोडण्याचा' उद्देश हवामान हा नसून देवतेला अर्पण हा आहे, आणि पाऊस ही देवतेकडे केलेली मागणी आहे. फौजदारी कायद्याच्या शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर आरोपीला अनुकूल अर्थ घ्यावा, असं फ्लोरिडाच्या दंडसंहितेतच लिहिलेलं आहे. हा युक्तिवाद ताकदीचा आहे असं माझं मत आहे. फक्त तो पत्रकातल्या त्या चौथ्या ओळीशी भांडतो. म्हणून संकल्पाचा नेमका पाठ गुरुजींकडून लेखी घ्या, पोथीच्या पानाचा फोटो घ्या, चित्रीकरण असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. त्याचं प्रमाणित भाषांतर वकील करून घेतील.

धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तुमच्या मंडळातले वकीलमित्र तुम्हाला हायलीयाचा निकाल दाखवतील. तो फ्लोरिडातलाच आहे. हायलीया शहराने १९८७ मध्ये सँतेरिया पंथाच्या पशुबळीवर बंदी आणणारे ठराव केले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ते रद्द केले, कारण ते त्या एका पंथाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. निकाल मोलाचा आहे, पण तुमच्या प्रकरणाला तो पूर्ण लागू पडत नाही. सिनेट बिल ५६ करताना कोणाच्याही मनात पर्जन्ययाग नव्हता. आणि जो कायदा कोणत्याही धर्मावर रोखलेला नाही, सर्वांना सारखा लागू आहे, तो धार्मिक कृतीलाही लागू होऊ शकतो, हे त्याच न्यायालयाने १९९० मध्ये ओरेगनच्या पेयोटी (धार्मिक विधीत खाल्लं जाणारं एक नशा आणणारं निवडुंग) प्रकरणात ठरवलं आहे.

म्हणून इथे संघराज्याच्या घटनेपेक्षा फ्लोरिडाचा स्वतःचा १९९८ चा धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा अधिक उपयोगाचा. तो म्हणतो : सरकारने एखाद्याच्या धर्माचरणावर मोठा बोजा टाकला, तर त्यामागे अत्यंत निकडीचं सार्वजनिक हित आहे आणि ते साधायला याहून सौम्य मार्ग नाही, हे सरकारनेच सिद्ध करायचं. अंगणातल्या होमकुंडाबाबत हे सिद्ध करणं सरकारला फार जड जाईल.

तरी एक खाचखळगा आहे आणि तो मी लपवणार नाही. 'मोठा बोजा' म्हणजे काय, हे फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बोका रटन शहराच्या दफनभूमीच्या प्रकरणात अरुंद करून टाकलं : धर्म जे करायलाच सांगतो त्याला मनाई, किंवा धर्म जे निषिद्ध मानतो त्याची सक्ती. आता आपलं शास्त्र बघा. अग्निहोत्र नित्य कर्म, न केलं तर दोष. पावसासाठीची इष्टी, म्हणजे यज्ञ, मात्र काम्य. वृष्टीची इच्छा असेल त्याने करावी, असं विधान. कारीरी इष्टी हे मीमांसेतलं काम्य कर्माचं नेहमीचं उदाहरण आहे. सरकारी वकिलाला हा भेद कळला तर तो म्हणेल, यांच्या धर्मानेच हे ऐच्छिक ठेवलंय, मग मनाईने बोजा कसला? याला उत्तर आहे. त्याच १९९८ च्या कायद्याच्या व्याख्येत धर्माचरण म्हणजे श्रद्धेने प्रेरित कृती, ती सक्तीची वा मध्यवर्ती असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलं आहे. व्याख्या आणि २००४ चा निकाल यांच्यात ताण आहे आणि त्या ताणातच तुमचा वकील जागा काढेल. पण हे सगळं उभं राहतं ते तुमच्या श्रद्धेच्या खरेपणावर. पहिल्या ई-मेलात 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहून गेलात, तर पुढे कोणत्या तोंडाने श्रद्धा सांगणार?

आता एक चांगली बातमी. मी हा प्रश्न वाचला तेव्हा सर्वांत आधी मला हीच आठवली. अमेरिकेत १९७१ पासून संघराज्याचा एक कायदा आहे : हवामानात फेरफार करणाऱ्याने त्याची आगाऊ माहिती सरकारला द्यायची. ही नोंद नोआ ही संघराज्य सरकारची सागर व हवामानविषयक संस्था ठेवते. कोणत्या कृती कळवायच्या याची तिच्या नियमांत जंत्री आहे. त्यात ढगांत पदार्थ पेरणं आहे, तसंच हवेचे प्रवाह बदलण्यासाठी आग किंवा उष्णता वापरणंही आहे. आणि त्याच नियमात पुढे सवलत आहे : हवामान बदलावं या हेतूने केलेली धार्मिक कृत्यं, समारंभ, विधी यांना हे कळवण्याचं बंधन नाही. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना माहीत होतं की माणसं पावसासाठी देवाकडे जातात, आणि त्यांनी ती गोष्ट मेघबीजनापासून वेगळी ठेवली.

फ्लोरिडाच्या कायद्यात अशी सवलत लिहिलेली नाही. त्यामुळे सरकारी बाजू म्हणेल, विधिमंडळाला द्यायची असती तर दिली असती. पण 'हवामानातील फेरफार' या शब्दप्रयोगाचा या क्षेत्रातला रूढ अर्थ काय, आणि विधींना वगळूनही कायद्याचा हेतू पुरा होतो का, या दोन्ही प्रश्नांवर तो नियम तुमच्या बाजूने बोलतो. खटला दाखल होण्याआधी तुमच्या वकिलाने स्टेट अ‍ॅटर्नीच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, कार्यालयाला पत्र लिहिलं, त्याला हा नियम आणि संकल्पाचं भाषांतर जोडलं, तर बरंच काही तिथेच मिटू शकतं. माझा कल असा की मिटेल. शहाणा सरकारी वकील या कायद्याचा पहिला खटला होमकुंडावर लढवू इच्छिणार नाही.

पण ग्रीन कार्ड प्रलंबित असलेल्या माणसाने 'मिटेल' या शब्दावर झोपू नये. यातला सर्वांत धोक्याचा भाग फ्लोरिडातलेच लोक तुम्हाला चुकीचा सांगतील. इथे न्यायाधीश पुष्कळदा दोषसिद्धीची नोंद रोखून ठेवतात. आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा 'विरोध नाही' म्हणतो, थोडा दंड किंवा देखरेखीचा काळ होतो आणि कागदोपत्री 'दोषी' असं लिहिलं जात नाही. नागरिकाला हे सोयीचं असतं. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र ती दोषसिद्धीच धरली जाते : कबुली आणि कोणतीही शिक्षा, एवढं पुरतं. त्यामुळे कोणी 'सही करा, पाचशे डॉलर भरा, रेकॉर्डवर काही राहत नाही' म्हणालं, तरी इमिग्रेशन वकिलाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय सही करू नका. फौजदारी वकिलाने इमिग्रेशनवरचे परिणाम अशिलाला सांगितलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पदिला खटल्यात ठरवलंय. तुमच्या वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि साधी अटक झाली, पुढे काहीच झालं नाही, तरी नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत ती सांगत राहावी लागते. म्हणूनच गोष्ट अटकेपर्यंत जाऊ न देणं हे तुमचं खरं काम.

ई-मेलला उत्तर काय द्यायचं? ती विनंती आहे. कोर्टाचं समन्स नाही. स्वतःविरुद्ध बोलायचं बंधन तुमच्यावर नाही. मंडळाची गोष्ट निराळी. नोंदणीकृत संस्थेला मौनाचा तो हक्क नाही आणि पुढे समन्स निघालं तर संस्थेचे कागद द्यावेच लागतील. म्हणून इतिवृत्त, जमाखर्च, पत्रक, सगळं जिथे आहे तिथे राहू द्या. दहा दिवस उलटू देऊ नका, तीन दिवसांत फौजदारी वकील नेमा आणि तोवर फक्त एवढं कळवा : 'आपला ई-मेल मिळाला. आम्ही वकिलांचा सल्ला घेत आहोत. पुढचा पत्रव्यवहार त्यांच्यामार्फत होईल.' खाली स्पष्टीकरणाची एकही ओळ नको. शेजाऱ्याकडे समजूत घालायला कोणी गेलं असेल तर त्यालाही थांबवा. माणूस म्हणून ते बरोबर वाटतं, पण तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य उद्या साक्षीत येऊ शकतं.

मंडळ, तुम्ही, जागामालक आणि गुरुजी यांचं हित प्रत्येक टप्प्यावर एकच असेल असं नाही. त्या ओळीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न निघाला की वाटा फुटतात. सगळ्यांना मिळून एकच वकील हा मोह टाळा. गुरुजी आहुती देत होते आणि परदेशी पाहुणे आहेत, त्यांना निदान तासभर तरी स्वतंत्र सल्ला मिळवून द्या. त्यांना बोलावलं तुम्ही, तेव्हा तो खर्च मंडळाने करावा असं मला वाटतं. मंडळाचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. उशिरा कळवल्याच्या सबबीवर दावे नाकारले जातात.

आणखी एक गोष्ट या सगळ्या गडबडीत राहून जाईल : आगीचे नियम. पाऊस नसतो तेव्हाच पर्जन्ययाग सुचतो आणि पाऊस नसतो तेव्हाच काउंट्या उघड्यावर आग पेटवण्यावर बंदी घालतात. तुमच्या होमाच्या दिवशी काउंटीत तशी बंदी होती का, जागामालकाने अग्निशमन दलाला विचारलं होतं का, हे मला तुमच्या पत्रातून कळत नाही. बंदी असेल तर तो मोठा गुन्हा नसला तरी सिद्ध करायला सोपा आहे, आणि त्यात श्रद्धेचा बचावही चालणं अवघड. वणव्याच्या काळात आग रोखणं हे सरकारचं खरोखर निकडीचं हित आहे. उद्या तडजोड झाली तर बहुधा याच मुद्द्यावर होईल, म्हणून वकिलाला हे आपणहून सांगा.

राहिला पुढच्या रविवारचा होम. तो रद्द करा. चौकशी हातात असताना तेच कर्म पुन्हा केलं, तर 'आम्हाला कायदा माहीत नव्हता' हे म्हणायची सोयही उरणार नाही, आणि तुमच्या नावाचा दुसरा व्हिडिओ तयार होईल. पण रविवार रिकामा ठेवू नका. कायद्याने मनाई केली आहे ती वातावरणात काही सोडायला, मागणं मागायला नव्हे. रुद्राभिषेक करा, पर्जन्यसूक्ताचं पठण करा, गावाकडच्यासारखी महादेवाची पिंड पाण्यात ठेवा, मुलांना 'धोंडी धोंडी पाणी दे' शिकवा. यातल्या कशालाही हे कलम लागत नाही. नव्या घराची वास्तुशांत, गणेशयाग, मुंजीतला होम यांनाही नाही, कारण त्यांचा हवामानाशी संबंधच नाही. तिथे फक्त आगीचे नियम पाळा. मंडळात कोणी घाबरून सगळेच होम बंद करायला निघालं असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

नवं निमंत्रण पाठवाल तेव्हा त्यात फक्त देवाचं नाव, जागा आणि वेळ असू द्या. आणि वकील ठरला की पहिल्या भेटीला मूळ पत्रक, तो ई-मेल, संकल्पाचा पाठ आणि तुमच्या इमिग्रेशनचे कागद एकाच फाइलमध्ये घेऊन जा.